एक चक्कर, तीन खुणा: सिम्युलेटरच्या त्रासाची प्रश्नावली इंदूरच्या मराठीत आणताना

पार्श्वभूमी

इंदुरात साठीच्या पुढील वाहनचालकांचा एक छोटा अभ्यास आमच्या गटाने हाती घेतला होता. वय वाढले की वळणावरचा निर्णय, आरशाकडे जाणारी नजर आणि ब्रेकवर पाय येण्याचा वेळ यांत काय फरक पडतो, हे खऱ्या रस्त्यावर कोणालाही धोक्यात न घालता पाहायचे होते. त्यासाठी तीन पडद्यांचा, एका जागी स्थिर असलेला सिम्युलेटर, म्हणजे गाडी चालवण्याचा आभास देणारे यंत्र, वापरायचे ठरले. अशा यंत्रात डोळ्यांना गाडी धावताना दिसते, पण कानातील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला शरीर जागेवरच असल्याचे कळते. ही विसंगती पुष्कळांना सोसत नाही. ज्याला आपण ‘गाडी लागणे’ म्हणतो त्याच्याशी नाते सांगणारा हा त्रास आहे आणि उतारवयात तो अधिक आढळतो. म्हणून वाहन चालवण्याच्या कौशल्याइतकेच या त्रासाचे मोजमापही आमच्यासाठी महत्त्वाचे होते. प्रश्नावलीची जबाबदारी माझ्याकडे होती. संस्था आणि सहभागी व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे तपशील येथे बदलले आहेत.

पहिल्या तुकडीतील बहुतेक जण रामबाग, लोकमान्य नगर आणि आसपासच्या मराठी कुटुंबांतले होते. होळकरांच्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहिलेली ही मंडळी बाजारात हिंदी बोलतात, पण अंगात काय होते आहे हे सांगताना घरच्या भाषेत येतात. ही घरची भाषा पुण्याच्या पाठ्यपुस्तकातली मराठी नव्हे. तिच्यात माळव्याच्या हिंदीचा रंग इतका मुरलेला आहे की बोलणाऱ्याला तो वेगळा जाणवतही नाही. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथेच होते.

मोजमापासाठी ‘सिम्युलेटर सिकनेस क्वेश्चनेअर’ हे साधन निवडले. केनेडी, लेन, बरबॉम आणि लिलिएंथल यांनी ते १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेतील पेन्साकोला येथील जुन्या, २८ लक्षणांच्या यादीतून त्यांनी १६ लक्षणे ठेवली आणि अमेरिकी नौदलाच्या उड्डाण-सिम्युलेटरांवरील वैमानिकांच्या हजाराहून अधिक नोंदींवरून तीन गट पाडले: मळमळीचा, डोळ्यांच्या ताणाचा आणि दिशाभान हरपण्याचा. प्रत्येक लक्षणाला ० ते ३ गुण दिले जातात. प्रत्येक गटात सात लक्षणे येतात. सात त्रिक एकवीस होतात आणि लक्षणे तर सोळाच आहेत, कारण पाच लक्षणे दोन-दोन गटांत मोजली जातात. पुढचे सारे प्रकरण या पाच लक्षणांभोवती फिरते.

अडचण

पहिले भाषांतर आम्ही रूढ पद्धतीने केले. दोन जणांनी स्वतंत्रपणे मराठी मसुदे केले, ते एकत्र बसून जुळवले, आणि मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडून त्याचे इंग्रजीत उलट भाषांतर करून घेतले. ते मूळ मजकुराशी जवळजवळ शब्दशः जुळले आणि आम्ही निश्चिंत झालो. आज मला वाटते की सावध होण्याची वेळ तीच होती. ‘पोटाची जाणीव’ हा आमचा शब्दप्रयोग इंग्रजीत जसाच्या तसा परत गेला, याचे कारण तो मुळात मराठी झालाच नव्हता. उलट भाषांतर करणाऱ्या सुशिक्षित माणसाने त्याच्या आड दडलेले इंग्रजी शब्द अचूक ओळखले होते. सहभागी काकूंना मात्र त्यातून काहीच बोध होईना. एकीने विचारले, “पोटाची जाणीव म्हणजे भूक लागली का, असं विचारताय?” मूळ लेखकांना तेथे अपेक्षित आहे ती मळमळीच्या अलीकडची, पोटात काहीतरी बिनसल्याची अस्वस्थता.

त्यानंतर एक प्रसंग घडला आणि आम्ही काम थांबवले. सत्तरीच्या एका काकूंनी सिम्युलेटरवरची फेरी संपवली, खुर्चीतून उतरल्या आणि पदराने कपाळ टिपत म्हणाल्या, “जीव घाबरल्यासारखा होतोय ग.” समोर पुण्याहून आलेली विद्यार्थिनी होती. तिने धीर दिला, “घाबरू नका काकू, संपलं आता,” आणि कागदावर ‘एकूण अस्वस्थता’ या ओळीत एकची खूण केली. तिच्या मराठीत जीव घाबरणे म्हणजे भीती. काकूंच्या मराठीत, इंदुरी हिंदीतल्या ‘जी घबराना’प्रमाणे, त्याचा अर्थ उलटीची भावना होणे असा होता. दोन मिनिटांनी त्या न्हाणीघराकडे गेल्या तेव्हा हा अर्थ आम्हाला कळला.

या एका खुणेने काय बदलले ते पाहण्यासारखे आहे. ‘एकूण अस्वस्थता’ हे लक्षण मळमळ आणि डोळ्यांचा ताण या दोन गटांत मोजले जाते. ‘मळमळ’ हे लक्षण मळमळ आणि दिशाभान या दोन गटांत. खूण एका ओळीतून दुसरीत गेली तरी एकूण गुण तेच राहतात. फक्त गटांचे चित्र बदलते: दिशाभानाचा एक कच्चा गुण कमी होतो आणि डोळ्यांच्या ताणाचा एक वाढतो. म्हणजे एकूण आकडा तपासून ही चूक कधीही सापडली नसती. आणि अहवाल वाचून आमच्या अभियंत्यांनी कदाचित पडद्यांचा प्रकाश कमी केला असता, तर दुखणे वळणांच्या वेगात होते.

समोर असलेले पर्याय

काम थांबवल्यावर चार वाटा दिसत होत्या. पहिली, हिंदीत प्रश्न विचारून मोकळे होण्याची. सर्वांना हिंदी येते, हा युक्तिवाद बरोबर होता. पण शरीराबद्दल हिंदीत विचारले की ही मंडळी दवाखान्यात देतात तशी आटोपशीर उत्तरे देत होती, आणि मराठीत विचारले की सांगू लागत होती. दुसरी वाट २०१८ मध्ये आलेल्या नऊ लक्षणांच्या छोट्या प्रश्नावलीची. ती डोक्यावर चढवायच्या आभासी वास्तवाच्या उपकरणांसाठी बेतलेली आहे आणि तिच्यात मळमळीचा स्वतंत्र गटच नाही. आमच्याकडे मुख्य तक्रार मळमळीची असल्याने ती बाद केली. तिसरी, दर मिनिटाला ० ते २० पैकी एक आकडा तोंडी विचारण्याची पद्धत. केशवर्ज आणि हेख्ट यांनी ती २०११ मध्ये मांडली. तिच्यात भाषेचा प्रश्न जवळपास उरत नाही, पण त्रास कोणत्या प्रकारचा हेही कळत नाही.

चौथी वाट सोळा लक्षणांची प्रश्नावली पुन्हा, सहभागी मंडळींना सोबत घेऊन, शब्दशब्द तपासून लिहिण्याची. आम्ही ती धरली आणि तिसरीला तिची जोड दिली: फेरी चालू असताना दर मिनिटाला आकडा विचारायचा, तो चढू लागला की फेरी थांबवायची, आणि उतरल्यावर पूर्ण प्रश्नावली भरून घ्यायची. वेळ किती जाईल याचा माझा अंदाज साफ चुकला, पण निवडीबद्दल मला आजही खंत नाही.

शब्दांचे काम

भाषांतराच्या दुसऱ्या खेपेला आम्ही पद्धत बदलली. प्रत्येक ओळ वाचून दाखवायची आणि ‘हे तुमच्या शब्दांत सांगा, असे शेवटचे कधी झाले होते?’ असे विचारायचे. उत्तर बरोबर की चूक हे पाहायचे नाही, फक्त ऐकून लिहून घ्यायचे. एका दुपारी एका काकांच्या दिवाणखान्यात पाच जण बसले आणि सोळा ओळींपैकी जेमतेम सहा उरकल्या.

सर्वाधिक वेळ ‘चक्कर’ या शब्दाने घेतला. मूळ प्रश्नावलीत डोळे उघडे असताना येणारी चक्कर, डोळे मिटल्यावर येणारी चक्कर आणि तिसरे, उभ्या-आडव्याचे भान सुटणे अशा तीन वेगळ्या ओळी आहेत. आमच्या पहिल्या मसुद्यात तिन्हींत ‘चक्कर’ होता. तिसरीत फक्त ‘तीव्र’ हे विशेषण जोडले होते. परिणामी ज्याला जराशी चक्कर आली तो तिन्ही ओळींत खूण करत होता आणि त्याचे काही चुकत नव्हते. शिवाय कोणी चक्कर म्हणजे शुद्ध हरपणे समजत होते, कोणी रक्तदाब उतरणे. ‘भोवळ’ आणि ‘घेरी’ हे शब्द सुचवले, तेव्हा भोवळ आली म्हणजे माणूस पडलाच, असे सर्वांनी एकमुखाने सांगितले. शेवटी ‘डोळे उघडे असताना गरगरणे’ आणि ‘डोळे मिटल्यावर गरगरणे’ अशा दोन ओळी ठरल्या. दुसऱ्या ओळीआधी खरोखर काही क्षण डोळे मिटायला सांगायचे ठरले, कारण एरवी लोक कल्पनेने उत्तर देत होते. तिसरी ओळ वर्णनात्मक झाली: ‘सरळ उभे कुठे आणि आडवे कुठे हे कळेनासे होणे’. ती लांब आहे, पण तिच्यावर खूण करणारे आता थोडे आहेत आणि जे करतात त्यांना नेमके तेच झालेले असते.

लाळ वाढण्याच्या ओळीला आम्ही पहिल्यांदा ‘तोंडाला पाणी सुटणे’ लिहिले होते. मराठी माणसाला या शब्दांनी चिंच आठवते, मळमळ नाही. ते ‘तोंडात लाळ जमून सारखी गिळावी लागणे’ असे केले. ‘पोटाची जाणीव’ जाऊन ‘पोटात ढवळल्यासारखे होणे’ आले आणि त्याच्या वर, वेगळ्या ओळीत, ‘मळमळणे, जीव घाबरणे, उलटी होईलसे वाटणे’. ‘जीव घाबरणे’ मुद्रित प्रश्नावलीत घालावे की नाही यावर आमच्यात मतभेद झाला. पुण्याच्या सहकारी म्हणाल्या की महाराष्ट्रात ही प्रश्नावली वापरली तर या दोन शब्दांनी घोळ होईल. त्यांचे म्हणणे खरे होते. आम्ही ते शब्द ठेवले आणि वर ‘इंदूर आवृत्ती’ असे स्पष्ट छापले.

आणखी दोन ओळी एकमेकींत मिसळत होत्या: नजरेचा फोकस न साधणे आणि मन एकाग्र न होणे. पहिल्या मसुद्यात दोन्हींत ‘केंद्रित’ हा शब्द होता, त्यामुळे दुसरी ओळ वाचताना लोक ‘हे मघाशी सांगितलं की’ म्हणत. पहिली दिशाभानाच्या गटात मोजली जाते, दुसरी मळमळीच्या. डोळ्यांच्या ताणात दोन्ही आहेत. ‘नजर न ठरणे’ हे सुचले होते, पण ते आपण दागिन्यांच्या झगमगाटाला म्हणतो. मग ‘स्पष्ट दिसण्यासाठी नजर सारखी जुळवून घ्यावी लागणे’ आणि ‘मन एका गोष्टीवर न लागणे’ असा निर्णय झाला.

तीव्रतेच्या पायऱ्यांतही चूक होती. ‘मध्यम’ म्हणजे ठीकठाक चालले आहे, असे समजून एका काकांनी बरे वाटत असताना सगळीकडे दोनची खूण केली होती. आता स्तंभांवर ‘त्रास’ असे शीर्षक आहे आणि खाली ‘मुळीच नाही, थोडा, बराच, खूप’.

ढेकर आणि घाम यांचे शब्द सोपे होते, परिस्थिती मात्र अवघड होती. सकाळच्या वेळेला येणारी मंडळी पोहे खाऊन येत, आणि मे महिन्यात संस्थेच्या जिन्यावरच घाम फुटत असे. दोन्ही लक्षणे मळमळीच्या गटातली. उपाय म्हणून आल्यावर अर्धा तास गार खोलीत बसवणे आणि खाण्याची वेळ लिहून घेणे सुरू केले.

गुणांकन

प्रत्येक गटातील सात गुणांची बेरीज करून तिला गुणकाने गुणायचे असते: मळमळ ९.५४, डोळ्यांचा ताण ७.५८, दिशाभान १३.९२. एकूण गुणांसाठी तिन्ही गटांच्या कच्च्या बेरजा एकत्र करून ३.७४ ने गुणायचे. कच्च्या बेरजा, म्हणजे गुणकाने न गुणलेल्या. आमच्या एक्सेलच्या तक्त्यात हे दोनदा चुकले.

एका काकूंचा कागद समोर ठेवतो. त्यांनी एकूण अस्वस्थता, थकवा, डोळ्यांवर ताण, घाम, मळमळ, डोके गच्च भरल्यासारखे वाटणे, डोळे उघडे असताना गरगरणे आणि पोटात ढवळणे या आठ ओळींत प्रत्येकी एक अशी खूण केली होती. मळमळीचे कच्चे गुण ४, म्हणून ३८.१६. डोळ्यांच्या ताणाचे ३, म्हणून २२.७४. दिशाभानाचे ३, म्हणून ४१.७६. कच्ची बेरीज १० आणि एकूण गुण ३७.४०. आमच्या तक्त्याने मात्र गुणलेले तीन आकडे मिळवून १०२.६६ केले, त्यांना पुन्हा ३.७४ ने गुणले आणि जवळपास ३८४ दाखवले. सर्व ओळींत तीनची खूण केली तरी एकूण गुण २३५.६२ च्या वर जाऊ शकत नाहीत, म्हणून ही चूक लगेच उघडी पडली.

दुरुस्ती घाईत झाली आणि तेथे दुसरी चूक शिरली. या वेळी तक्त्याने सोळा ओळींची सरळ बेरीज घेतली. काकूंचे गुण ८ गुणिले ३.७४, म्हणजे २९.९२ आले. एकूण अस्वस्थता आणि मळमळ ही दोन लक्षणे दोनदा मोजायची राहून गेली होती. हा आकडा पाहून कोणालाही शंका येत नाही, आणि तो काही आठवडे तसाच राहिला. पुढे मी एका रविवारी पाच कागद हाताने सोडवायला घेतले तेव्हा तो सापडला. त्यानंतर नियम केला की तक्ता बदलला की पाच कागद कागद-पेन्सिलीने सोडवायचे आणि एक कागद सर्व तीनच्या खुणांचा घालून २३५.६२ येतात का पाहायचे.

शब्दांची आणि आकड्यांची कामे आम्ही वेगवेगळ्या माणसांना दिली होती, ही माझी चूक होती. काकूंनी जुन्या प्रश्नावलीत त्याच एका गरगरण्यासाठी तिन्ही ‘चक्कर’ ओळींत खुणा केल्या असत्या तर दिशाभानाचे गुण ४१.७६ वरून ६९.६० वर गेले असते आणि एकूण ४४.८८ झाले असते. दिशाभानाचा गुणक तिघांत सर्वांत मोठा आहे. नेमक्या त्याच गटात आमची भाषा सर्वांत ढिली होती.

एकूण गुण २० च्या वर गेले की सिम्युलेटर वाईट समजावा, अशी एक प्रसिद्ध पट्टी वापरात आहे. स्टॅनी, केनेडी आणि ड्रेक्स्लर यांनी १९९७ मध्ये दिलेली ही पट्टी सैनिकी वैमानिकांच्या गुणांवरून आली. आमच्या सहभागींपैकी एखाद्याला खुर्चीत बसण्याआधीच थोडा थकवा, डोळ्यांवर थोडा ताण आणि चष्म्यामुळे नजर थोडी जुळवून घ्यावी लागणे असे असेल, तर त्याचे गुण तेथेच १४.९६ होतात. म्हणून ती पट्टी आम्ही वापरली नाही.

मग आधीचे गुण नंतरच्या गुणांतून वजा करावेत का? मूळ रचना फेरीनंतरच्या, तब्येतीने ठणठणीत व्यक्तींच्या गुणांसाठी होती. शिवाय यंग, एडेलस्टीन आणि एलिस यांनी २००६ मध्ये दाखवले की आधी प्रश्नावली दिली की नंतर सांगितला जाणारा त्रास वाढतो. लक्षणे वाचूनच माणूस ती शोधू लागतो. पण मधुमेह आणि मोतीबिंदू असलेल्या मंडळींची आधीची स्थिती न विचारणेही आम्हाला धोक्याचे वाटले. तडजोड म्हणून आधीची प्रश्नावली संमतीपत्राच्या दिवशी, फेरीच्या काही दिवस अगोदर भरून घेतली, आणि वजाबाकी न करता दोन्ही आकडे शेजारी शेजारी दिले. फेरीच्या दिवशी फक्त ‘आज तब्येत नेहमीसारखी आहे ना?’ इतकेच विचारले.

निष्पत्ती

जुन्या शब्दांत भरलेले पहिल्या खेपेचे कागद आम्ही विश्लेषणातून पूर्णपणे वगळले. काही सहकाऱ्यांना हे जड गेले, कारण ज्येष्ठांना पुन्हा बोलावणे सोपे नव्हते. पण ‘चक्कर’च्या तीन खुणांपैकी खरी कोणती हे नंतर बसून ठरवणे मला प्रामाणिक वाटले नाही. जे तयार झाले ते परत आले.

नव्या कागदांवरून यंत्रातही बदल झाले. दिशाभानाच्या खुणा सलग वळणांनंतर येतात असे दिसल्यावर पहिल्या फेरीत सरळ रस्ता आणि एकच सौम्य वळण ठेवले, आणि फेऱ्या छोट्या केल्या. फेरीनंतर अर्ध्या तासाने प्रश्नावली पुन्हा भरून घेऊ लागलो, आणि ती होईपर्यंत कोणालाही स्वतःची स्कूटर घेऊन घरी जाऊ द्यायचे नाही असे ठरले. एका काकांना हे अपमानास्पद वाटले. त्यांच्या मुलाला बोलावून त्याच्यासोबत त्यांना पाठवले.

या आवृत्तीचे तीन गट इंदूरच्या ज्येष्ठांमध्येही तसेच टिकतात, असा दावा आम्ही केलेला नाही. तेवढी माणसे आमच्याकडे नव्हती. कॅनडातील फ्रेंच आवृत्तीच्या सर्वसामान्य प्रौढांवरील अभ्यासात २००७ मध्ये तीनऐवजी दोनच गट निघाले, त्यामुळे ही शंका पुस्तकी नाही. अहवालात गटांचे गुण दिले, त्यांच्या शेजारी सोळा ओळींचे सुटे गुणही दिले, म्हणजे उद्या कोणाला वेगळी मांडणी करायची झाली तर मूळ खुणा हाताशी असतील.

पुन्हा करायचे झाल्यास

पहिली गोष्ट मी उलट भाषांतराच्या आधी दिवाणखान्यातली बैठक घेईन. दुसरी, विचारणारी व्यक्ती इंदूरचीच ठेवेन, किंवा बाहेरची असल्यास तिला आधी चार घरी चहाला बसवेन. त्या विद्यार्थिनीचा काही दोष नव्हता, आम्ही तिला ऐकायची तयारीच दिली नव्हती. तिसरी, संकोचाचा विचार आधी करेन. आपल्याकडे पाहुण्याने यजमानाच्या यंत्राला नावे ठेवायची नसतात. ‘काही नाही हो, छान होतं’ असे म्हणत काही जणांनी सगळीकडे शून्य केले आणि मिनिटामिनिटाला सांगितलेले त्यांचे आकडे मात्र वेगळेच बोलत होते. कागद स्वतः भरून बंद पाकिटात द्यायची सोय पुढच्या तुकडीसाठी केली आहे.

‘डोके गच्च भरल्यासारखे वाटणे’ ही ओळ अजून सुटलेली नाही. गच्च म्हटले की निम्म्या लोकांना सर्दी आठवते, जड म्हटले की डोकेदुखी. मागच्या आठवड्यात एका आजोबांनी डोक्याच्या दोन्ही बाजूंना तळवे लावून, बोटे हळूहळू फाकवून दाखवली आणि म्हणाले, “असं होतं.” त्यांना शब्द विचारला, तर त्यांनी तीच खूण पुन्हा केली. ती आम्ही वहीत लिहून ठेवली आहे.